‘आपसांत मिटले’ या कागदावर मी सही केली नाही

माझ्या 14 वर्षांच्या मुलाला त्याच्याच वर्गातील तिघांनी जिन्याखाली गाठून मारले. त्यांचा त्रास काही महिन्यांपासून सुरू होता. वैद्यकीय तपासणी, वर्गशिक्षिकांची भेट, तक्रारअर्ज हे सारे सुरळीत पार पडले. घोडे अडले ते मुख्याध्यापकांच्या कार्यालयात, आणि तो मनस्ताप आजही गेलेला नाही.

तेथे छापील मजकूर तयारच होता: ‘विद्यार्थ्यांमधील वाद आपसांत मिटला असून आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ खाली मुलांच्या आणि पालकांच्या सह्यांसाठी रेघा मारलेल्या होत्या. या कागदावर सह्या झाल्याशिवाय प्रकरण समुपदेशकांकडे जाणार नाही, असे मला सांगण्यात आले. तक्रारच उरली नाही असे लिहून दिल्यावर समुपदेशकांकडे जायचे तरी काय, या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते. मी पुन्हा पुन्हा गेले, बाहेरच्या बाकावर ताटकळत बसले आणि दर वेळी तेच ऐकले: मुले आहेत, भांडणारच; समोरासमोर बसवू, हात मिळवायला लावू, उद्या एकत्र खेळतील.

हे भांडण नव्हते. शालेय दादागिरीचा 1970च्या दशकापासून अभ्यास केलेले दिवंगत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: दुखावण्याचा हेतू, वारंवारता आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत. तिन्ही खुणा येथे होत्या. बरोबरीच्या दोघांत वाद झाला तर समेट घडवता येतो. परंतु ज्यांची भीती वाटते त्यांच्याच समोर बसवलेला मुलगा ‘काही नाही, गमतीत झाले’ असेच म्हणणार, कारण त्याला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचे असते. म्हणून प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे, एवढीच माझी मागणी होती. त्या मुलांना काढून टाका, असे मी एकदाही म्हटले नाही. सरसकट कठोर शिक्षेच्या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित होतात याला आधार सापडत नाही, असा निष्कर्ष अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिगटाने 2008 मध्ये मांडला होता, आणि मला तो पटतो. काढून टाकलेला मुलगा आपला राग घेऊनच दुसरीकडे जातो.

शेवटी मी तोंडी बोलणे थांबवले. ‘पालकांनी समेटाच्या कागदावर सही न केल्यामुळे अर्ज थांबवण्यात आला आहे, हे कृपया लेखी कळवावे’, एवढ्या एका वाक्याचे पत्र मी दिले, त्याची प्रत व्यवस्थापन मंडळाला पाठवली आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलले नाही. तसे लेखी देण्यास कोणीच धजावले नाही आणि लवकरच समुपदेशकांचा फोन आला. त्या वेळी वाटलेला अभिमान मी लपवत नाही. कोणत्याही पालकाने आपल्या अर्जाची पोच घ्यावीच, आणि दुखापतींची छायाचित्रे तारखेसह त्याच दिवशी काढून ठेवावीत.

समुपदेशनातून कळले की तिघांच्या म्होरक्याला मोठ्या मुलांकडून मार बसत होता आणि कोणी नुसते हसले तरी आपल्यालाच हिणवले, असे त्याला वाटत होते. त्याच्यासाठीही स्वतंत्र सत्रे सुरू झाली, आणि मला त्याचे खरोखर समाधान आहे. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी एक शिक्षक उभे राहू लागले.

माझ्या मुलाला मात्र मारापेक्षा अधिक लागले ते दुसरेच. ‘सगळे बघत होते, आई’, असे तो शर्टाच्या तुटलेल्या गुंडीशी चाळा करत म्हणाला होता. कॅनडातील प्राथमिक शाळांच्या मैदानांवरील, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात सोबतच्या मुलांनी मध्यस्थी केल्यावर निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांच्या आत थांबल्याचे आढळले होते. हे मी वर्गशिक्षिकांना सांगितले, तेव्हा बघ्यांनी काय करावे यावर त्यांनी पूर्ण तास घेतला: एकट्याने मारामारीत पडू नये, दोघातिघांनी मिळून हाक मारावी, एकाने शिक्षकांकडे धावावे आणि नंतर मार खाल्लेल्याच्या शेजारी जाऊन बसावे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. धमकीचे संदेश आले असतील तर क्रमांक ब्लॉक करण्यापूर्वी त्यांचे स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असे काढून ठेवावेत, आणि मुलाच्या फोनवरून त्यांना कोणतेही उत्तर पाठवू नये.