गोदीतला खून, खर्डा तिसरा: प्रेत हलेना, म्हणून तिथी हलवली

मागच्या नोंदीत पक्का ठरवलेला माझ्या रहस्यकथेचा तिसरा भाग भरतीच्या हिशेबापुढे टिकला नाही. खून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, कृष्ण अष्टमीला रात्री एकला. तिसऱ्या पहाटे प्रेत ससून डॉकला कोळ्यांना सापडतं. पण तेव्हाची व्हिक्टोरिया गोदी म्हणजे दरवाजे लावून पाणी कोंडलेला हौद. दरवाजा उघडायचा तो भरतीच्या आगेमागेच. कोकणातला साधा नियम लावा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) बाराच्या सुमारास. एक वाजता दरवाजा बंद, आणि प्रेत आतच राहणार.

पौर्णिमा घेतली तर भरती मध्यरात्रीकडे सरकते, पण लख्ख चांदण्यात धक्क्यावरचा पहारेकरी सगळं बघेल. उरली अमावस्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा: काळोख, दरवाजा उघडा, जहाज बाहेर काढताना सगळ्यांचं लक्ष दोरखंडांवर. प्रेत दरवाजाच्या बाहेरच्या अंगाला ढकलायचं.

तरी ते लगेच वाहत नाही. आधी बुडतं, गाळात बसतं. आपल्याकडच्या उबदार पाण्यात दोन-तीन दिवसांनी पोटात वायू धरला की वर येतं. म्हणजे वाहण्याचा हिशेब तृतीयेचा: सव्वादोनला भरती, साडेआठच्या सुमारास सुकती. पहाटे वर आलेलं प्रेत ओहोटीबरोबर दक्षिणेला, कुलाब्याकडे. सहा वाजता ससून डॉक! हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला.

हे सगळं आलेख कागदावर मांडावं. आडवे तास, उभी पाण्याची उंची, पात्रागणिक एक रंगीत पेन्सिल. कालरेषेची सॉफ्टवेअरं पात्रं सांभाळतात, पाणी नाही. रद्दीवाल्याकडून आलेल्या गोदीच्या नकाशाच्या झेरॉक्सवर मोजपट्टीच कापली गेली आहे. नकाशा घेताना खालची कड आधी बघा.

आता हे लिहिता लिहिताच सुचलं: अमावस्याच हवी तर आश्विनातली का नको? १९४५ चं लक्ष्मीपूजन. फटाक्यांत गोळीचा आवाज बुडतो, आणि आपला फौजदार फटाक्यांनीच कोसळतो. कारण १४ एप्रिल १९४४ ला याच गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा पहिला स्फोट दुपारी ४:०६ ला, दुसरा ४:३४ ला. मधल्या अठ्ठावीस मिनिटांत तो माणसं बाहेर काढायला आत गेला होता. त्या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि ८,७०० गासड्या कापूस होता, म्हणून त्याला जळक्या कापसाचा वासही सोसत नाही. स्वप्नाचं प्रकरण काढून टाकतोय. पणतीतली वात फडफडून विझते, तो चिमटीने नाक दाबतो, साक्षीदार बघत राहतो. एवढं पुरे.

ॲलिबीही (खुनाच्या वेळी दुसरीकडे असल्याचा दावा) दिवाळीनेच सोडवली. गोदीची नोंदवही प्रमाणवेळेवर, पण काळबादेवीच्या पेढीतलं घड्याळ जुन्या मुंबई वेळेवर, म्हणजे ३९ मिनिटं मागे. पत्त्यांच्या डावात संशयित 'सव्वाअकराला' हजर होता, हे खरंच. प्रमाणवेळेने तेव्हा अकरा चोपन्न. गोदीतून पेढीवर यायला तेवढा वेळ भरपूर. युद्धासाठी तासभर पुढे केलेली प्रमाणवेळ १५ ऑक्टोबर १९४५ लाच मागे आली होती, म्हणून फरक नेमका ३९ मिनिटांचाच धरा. त्याआधीची तारीख घेतली तर पाऊण तासाऐवजी पावणेदोन तासांच्या आसपास जातो आणि कोडं सैल पडतं.

पुढचं काम: पहिल्या भागात पेढीचं घड्याळ आणि वहीपूजन पेरायचं, पण एकाच परिच्छेदात नाही.