घरी सुरू न होणारा टॉर ब्राउझर

दुपारपर्यंत ऑफिसात नीट चालणारा टॉर ब्राउझर (ओळख लपवून इंटरनेट वापरायचा ब्राउझर) संध्याकाळी घरी सुरूच होईना, अशी तक्रार आली. विंडोजचा लॅपटॉप. खिडकी उघडायची आणि दोन-तीन सेकंदांत टॉर, म्हणजे ब्राउझरला टॉर नेटवर्कशी जोडणारा आतला प्रोग्रॅम, अनपेक्षितपणे बंद पडल्याचा निरोप यायचा. त्या निरोपात टॉरमधली चूक, दुसरा एखादा प्रोग्रॅम किंवा सदोष हार्डवेअर अशी कारणं सुचवलेली असतात, प्रॉक्सीचा, म्हणजे ज्या मधल्या सर्व्हरमधून इंटरनेटवर जायचं त्याचा, उल्लेखच नसतो. त्यामुळे अँटिव्हायरस बंद करून झाला होता, त्याच फोल्डरवर पुन्हा इन्स्टॉल करून झालं होतं आणि आता रॅमवर संशय होता.

माझं लक्ष त्या दोन-तीन सेकंदांकडे गेलं. नेटवर्क अडवलेलं असेल तर टॉर मरत नाही, प्रगतीची पट्टी रखडते. टॉर लगेच बाहेर पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने स्वतःची सेटिंगची फाइलच नाकारलेली असते.

ही फाइल म्हणजे टॉरआरसी (torrc). टॉर ब्राउझरच्या फोल्डरात ब्राउझर, टॉरब्राउझर, डेटा, टॉर अशा क्रमाने आत गेलं की सापडते. वरून पुन्हा इन्स्टॉल केल्यावरही ती तशीच राहिली होती, म्हणून त्या खटाटोपाचा उपयोग झाला नव्हता. डेटाच्या शेजारच्या टॉर फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडून टॉरचा प्रोग्रॅम 'व्हेरिफाय-कॉन्फिग' हा सेटिंग तपासायचा पर्याय आणि या फाइलचा पत्ता देऊन चालवला. उत्तर एका ओळीत आलं: एचटीटीपीएसप्रॉक्सीचा (फाइलमधल्या प्रॉक्सीच्या ओळीतला) पत्ता वाचता किंवा शोधता आला नाही.

ऑफिसात प्रॉक्सीचा आयपी क्रमांक न घालता सर्व्हरचं अंतर्गत नाव घातलं होतं, पुढे पोर्ट ३१२८. ते नाव फक्त ऑफिसच्या डीएनएसला (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरला) माहीत. टॉर हे नाव सुरू होतानाच शोधतो. सापडलं नाही की सेटिंग अवैध ठरवतो आणि थांबतो. नोटपॅडमध्ये ती ओळ काढली, ब्राउझर सुरू झाल्यावर 'कनेक्शन' पानावरच्या प्रगत सेटिंगमधली प्रॉक्सीची खूणही काढली. घरचा प्रश्न मिटला.

असंच तडकाफडकी बंद पडणं आणखी दोन चुकांनी होतं. हाताने फाइल बदलताना सॉक्स ५ आणि एचटीटीपीएस अशा दोन्ही प्रकारच्या प्रॉक्सी राहून जातात. टॉरला एकच प्रकार चालतो. किंवा सॉक्स ५ चं वापरकर्तानाव दिलं जातं आणि पासवर्ड राहतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नावाऐवजी आयपी घातला. टॉर सुरू झाला, पण ४ टक्क्यांवर अडकला. हे आकडे लॉगमध्ये (टॉरच्या नोंदींमध्ये) बघावेत. प्रॉक्सी वापरताना ३ टक्के म्हणजे प्रॉक्सीपर्यंत पोचायचा प्रयत्न चालू आहे. तिथे अडकला तर पत्ता, पोर्ट किंवा फायरवॉल. ४ म्हणजे प्रॉक्सी भेटली, पण ती पुढे जाऊ देत नाही. इथे प्रॉक्सी म्हणून स्क्विड हा प्रोग्रॅम होता. स्क्विडची मूळ सेटिंग 'कनेक्ट' (पलीकडच्या सर्व्हरशी जोडून देण्याची) विनंती फक्त ४४३ पोर्टसाठी मान्य करते, आणि टॉरचे बरेच रिले (टॉर नेटवर्कमधले सर्व्हर) ९००१ वर ऐकतात. आदल्या दिवशी चाललं ते ४४३ वरचा रिले मिळाल्यामुळे, म्हणजे नशिबाने. ठरावीक पोर्टनाच परवानगी देणाऱ्या फायरवॉलचा पर्याय त्याच पानावर आहे. त्यात फक्त ४४३ लिहिलं. तिथे ८०,४४३ लिहायची सवय असते, पण अशा स्क्विडमागे ८० फुकट जातो. (टॉर वापरायला ऑफिसची परवानगी होती. ती नसेल तर हा उद्योग करू नये.)

लॉगमध्ये ४०७ (प्रॉक्सी नाव-पासवर्ड मागत असल्याचा कोड) दिसला असता तर गोष्ट वेगळी होती. टॉर एचटीटीपी/एचटीटीपीएस प्रॉक्सीला फक्त बेसिक पद्धतीने नाव-पासवर्ड देतो. प्रॉक्सी विंडोजचं एनटीएलएम लॉगिनच मागत असेल तर चौकटीत काहीही भरा, आत घेणार नाही.

शेवटी लॅपटॉपवर टॉर ब्राउझरचे दोन वेगळे फोल्डर ठेवले, एक घरचा, एक ऑफिसचा. दोन्ही एकदम उघडायचे नाहीत, कारण दोघांनाही ९१५० हाच पोर्ट लागतो आणि तो पहिल्याने धरला की दुसरा पुन्हा तक्रार घेऊन उभा.