टॅक्सी न करता गोवा: आत्या, काका आणि भरती-ओहोटीचं गणित

सिंधुदुर्गातल्या माणसांचा गोवा म्हणजे बांबोळी. माझी आत्या वेंगुर्ल्याची. काकांच्या अँजिओप्लास्टीला, शेजाऱ्याच्या अपघाताला, चुलत जावेच्या ऑपरेशनला असं करत ती गोव्यात कितीदा आली असेल, पण दरवेळी बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाच्या, कॅन्टीनचा चहा पिऊन परत गेली. मी नोकरीसाठी पणजीत राहायला लागल्यापासून तिचं एकच पालुपद होतं, "एकदा दाखव गो चेडवा तुझो गोवा." या मार्गशीर्षात मुहूर्त लागला.

अडचणी उघड होत्या. माझ्याकडे फक्त स्कूटर. आत्याचे गुडघे जेमतेम. टॅक्सीवाल्याला दिवसाचा दर विचारला, तो ऐकून काका म्हणाले, "एवढ्यात आम्ही दोघं मुंबईला जाऊन येऊ, आणि वर दादरला जेवू." बस-टूर सोपी असते. तिचे दोन ठरलेले प्रकार, नॉर्थ गोवा आणि साऊथ गोवा. गंमत अशी की साऊथ गोवा म्हणून जे दाखवतात त्यातली जुनं गोवं, मिरामार, दोनापावला ही ठिकाणं उत्तर गोवा जिल्ह्यात आहेत. आणि दोन्हींत गाडीत बसणं जास्त, उतरणं कमी. आत्याने तर आधीच बजावलं होतं, "आमच्याकडे काय दर्या नाय? नुसतो दर्या दाखवूक हाडू नको माका."

म्हणून मी किनारे बाजूला ठेवून नद्यांवरून आखणी केली. गोव्यात एका नदीवरून पलीकडे गेलं की गाव बदलतं, देव बदलतो, जेवण बदलतं. पलीकडे जायला नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी आहेत, आणि चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. बाकी रस्ता सरकारी कदंबा आणि खासगी बसने.

पहिली फेरी आत्या-काकांच्या वाटेवरच होती. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करत ते तेरेखोलला उतरणार आणि मी म्हापशाहून केरीची बस धरून अलीकडच्या धक्क्यावर थांबणार, असं ठरलं. तेरेखोल हे गाव गोव्याचं, पण नदीच्या उत्तरेला, जमिनीच्या बाजूने महाराष्ट्राला चिकटलेलं. किल्ला मूळचा सावंतवाडीच्या खेम सावंतांचा, 1746 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा चढवला होता. काकांना हे सगळं तोंडपाठ, त्यामुळे फोनवरून मलाच माहिती मिळत होती.

मी पोचले तेव्हा फेरी केरीच्या धक्क्याला लागून गप्प उभी. पलीकडे आत्याची निळी शाल ओळखू येत होती, हात हलवत होती. बोटीवरच्या माणसाने सांगितलं, पाणी उतरलंय, गाळात बसेल, थोडं चढू दे. थोडं म्हणजे किती, यावर त्याने नुसतं पाण्याकडे बोट केलं. मी काकांना फोन लावला.

काका म्हणाले, "आज तिथी कोणती? तृतीया. तिनाची पाऊणकी सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, आठ-सव्वाआठला पूर्ण ओहोटी. आता पावणेनऊ झाले. पाणी फिरलंय. अर्धा तास धर." आमच्या किनारपट्टीवर जुन्या माणसांचा हा हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा गुणाकार जमतो. वद्य पक्षात तिथी परत एकपासून मोजायची, कारण चक्र पंधरवड्याचंच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, ते धरून चालायचं.

सव्वानऊच्या सुमाराला फेरीचं इंजिन धडधडलं, बोट पलीकडे जाऊन परतली. पुढची लोखंडी फळी साखळ्यांवर खाली आली, तिची कड धक्क्याच्या उतारावर खरवडली, आधी दुचाक्या उतरल्या, मग माणसं. आत्या एका हाताने साडी आणि दुसऱ्या हाताने माशांची पिशवी सांभाळत आली. हो, वेंगुर्ल्याहून बांगडे घेऊन. गोव्यात येताना मासे! तिला म्हटलं तर म्हणाली, तुमच्या पणजीतले महाग असतात. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ते खरंच आहे.

दुसरा दिवस जुन्या गोव्याचा. पणजीच्या स्टँडवरून रायबंदरमार्गे बस सतत असतात. डावीकडे मांडवी ठेवून जाणारा रस्ता इतका सुरेख आहे की खिडकी मिळत नसेल तर एक बस सोडावी. कंडक्टर मात्र "फुडें वच, फुडें वच" करत माणसं कोंबतो, त्याला इलाज नाही. गुडघेदुखीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी नाहीतर साडेदहानंतर निघावं, मधल्या वेळेत ऑफिसची गर्दी असते.

बॉम जेझूची बासिलिका 1605 ची. बाहेरून गिलावा नसलेली, चिऱ्याची लालसर भिंत पाहून आत्या थबकली. चिरा तिच्या घरचाच, पण चिऱ्यावर एवढं कोरीव काम तिने पाहिलं नव्हतं. आत सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी बरीच उंचावर ठेवलेली आहे. "दिसाक काय नाय, पण गर्दी बघ!" एवढंच ती म्हणाली, आणि मग बाकावर बसून बराच वेळ उठलीच नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे हवेत. अर्ध्या चड्डीतल्या पोरांना दारावर थांबवत होते. समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला आणि परत बांधलाच नाही, त्यामुळे ती इमारत एका खांद्याने वाकल्यासारखी दिसते.

इथून बहुतेक लोक मागे फिरतात. आम्ही व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलो आणि दिवाडीची फेरी धरली. माझ्या आखणीतला हा सगळ्यांत आवडता टप्पा, त्यामुळे याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दिवाडी हे मांडवीतलं बेट. खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली खाजनं, भाताची शेतं, जुनी पोर्तुगीज वळणाची घरं, टेकडीवर पिएदादचं चर्च. पण आम्ही चाललो होतो बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्व्याच्या फेरीकडे. पलीकडे नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, त्याचं मूळ देऊळ या दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं. लिंग विहिरीच्या कामात वापरलं होतं असं सांगतात. भक्तांनी ते गुपचूप नदीपार नेलं, कारण पलीकडे डिचोलीत तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. म्हणजे देव ज्या नदीवरून गेला तीच नदी तुम्ही ओलांडता, साधारण त्याच दिशेने. फेरीला पाच-सात मिनिटं लागतात. काका बोटीवर कठड्याला टेकून उभे होते, एरवी अखंड बोलणारा माणूस, तेवढा वेळ गप्प होता.

बेटावर वाहन मिळेलच असं नाही. बस आहेत, पण विरळ. आम्ही फेरीवरच चौकशी केली, तिथल्याच एकाने ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन लावून दिला. त्या रिक्षावाल्याने नार्व्याच्या बाजूलाही यायचं कबूल केलं, रिक्षासकट फेरीत चढला आणि देवळापाशी सोडून तासभर थांबला. दुपारचं जेवण वाटेत मिळेल या भरवशावर जाऊ नये. आम्ही पणजीतून पातळभाजी-पाव आणि बन बांधून घेतले होते, ते नार्व्याच्या धक्क्यावर बसून संपवले.

देऊळ लहान आहे. मंगेशी-शांतादुर्गेचा झगमगाट डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर निराश व्हाल. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. काकांनी चष्मा काढून, परत लावून, बोटाने हवेत अक्षरं गिरवत तो वाचला. नुकतीच सरकारने डागडुजी करून 2023 मध्ये देऊळ पुन्हा खुलं केलं, रंग अजून ताजा वाटतो. हा देव गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. म्हणजे सकाळपासून ज्यांच्या नावाच्या बस आम्ही शोधत होतो, त्यांच्याच दारात उभे होतो. हे मी सांगितलं तर आत्या म्हणाली, "मग बस वेळेवर सोडूक सांग त्येंका."

तिसरा दिवस आग्वादचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्या दिवसांत तोच सर्वांत कमी जमला. पणजीहून कांदोळीकडे जाणारी बस धरली. डॉल्फिन बघायची आत्याला कुठूनशी इच्छा झाली होती. वाटेत एका एजंटाने गाठलं, "एक तास, डॉल्फिन गॅरंटी." बोट अर्ध्या तासात माघारी. डॉल्फिन दिसले, पाण्यावर नुसती पाठ काढून लगेच बुडणारे. आपल्या किनाऱ्यालगतचे कुबडे डॉल्फिन असेच असतात, टीव्हीतल्यासारखी उडी फार क्वचित. डॉल्फिनबद्दल तक्रार नाही, वेळेबद्दल होती. भांडून थोडे पैसे परत मिळाले, पण त्यात सकाळ गेली. रस्त्यात गाठणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. जिथे दर लिहिलेला आहे आणि पावती मिळते, तिथेच पैसे द्यावेत.

आग्वादच्या दोन जागा वेगळ्या आहेत आणि लोक एकच बघून परततात. वरचा किल्ला 1612 चा, त्यात जुना दीपस्तंभ आणि जमिनीखालचा पाण्याचा प्रचंड हौद. तेवीस लाख गॅलनहून जास्त पाणी मावायचं त्यात, जहाजं इथे थांबून पाणी भरून घेत. खाली समुद्राकडे जुना तुरुंग. गोवा मुक्तिलढ्यातले कैदी इथे होते, आता तिथे संग्रहालय आहे. आत्या वर सावलीत बसली, मी आणि काका खाली गेलो. मुक्तिलढ्याचे नेते टी. बी. कुन्हा यांची माहिती वाचताना काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. परतताना सिकेरीच्या वाळूवर लाल बावटा होता, तरी लोक पाण्यात आणि जीवरक्षक शिट्टी वाजवून हैराण. लाल असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, लाल-पिवळ्या दोन बावट्यांच्या मधल्या पट्ट्यावर त्यांची नजर असते, एवढं साधं आहे.

दक्षिणेला मात्र काकांच्या गणिताने बाजी मारली. षष्ठी होती. सहाची पाऊणकी साडेचार, म्हणजे साडेदहाच्या आसपास ओहोटी. त्या हिशेबाने पहाटे निघालो. पणजी-मडगाव शटलचं तिकीट बसमध्ये नव्हे, स्टँडवरच्या खिडकीवर मिळतं, रांग सरळ असते आणि उभं राहून कोणी येत नाही. आत्याला हा प्रकार फारच पसंत पडला. मडगावहून कारवारकडे जाणाऱ्या बसने काणकोणला चावडीवर उतरलो आणि तिथून रिक्षाने पाळोळे. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला एक छोटं बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं. काका पँट दुमडून म्हणाले, "षष्ठी आहे, दिवस भांगाकडे चाललेत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी होत चाललाय, म्हणून एवढं राहिलंय. पौर्णिमेला आलो असतो तर आणखी उतरलं असतं." ते गेले, दगडांवर फिरले आणि पाणी चढायच्या आत परतले. दोन पर्यटक पोरं त्यांच्या मागोमाग गेली होती. त्यांनाही त्यांनी हाका मारून, हाताने खुणा करून परत आणलं.

संध्याकाळी उशीर करू नये. साडेसात-आठनंतर खासगी बस झपाट्याने कमी होतात, मग टॅक्सीवाला म्हणेल तो भाव. एकटा माणूस असेल तर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा पायलट हा उत्तम पर्याय, बसायच्या आधी भाडं ठरवून. भाड्याची स्कूटर घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची स्वस्तात मिळते, पण पोलिसांनी अडवलं की तो स्वस्तपणा तिथेच संपतो. आणि दुचाकी घेऊन पणजीतल्या अटल सेतूवर चढू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे, खालच्या जुन्या पुलावरूनच जायचं.

काब द रामचा किल्ला राहिला. तिकडच्या बस इतक्या तुरळक की एका दिवसात जाऊन-येऊन आत्याच्या गुडघ्यांना जमलं नसतं. पावसाळा सरल्यावर त्यासाठी परत यायचं म्हणतेय ती. बांगडे मात्र तेव्हाही वेंगुर्ल्याहूनच आणणार, हे आत्ताच सांगून ठेवलंय.