सर्वांत लहान सावली

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. गॅदरिंग, कबड्डीचा संघ, मुख्याध्यापक सरांची शिस्त यांवर बाकीचे लिहितीलच. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे सांगायला नको.

आम्ही चौथीत होतो. फेब्रुवारी महिना. नळाच्या ओट्यापुढच्या फरशीवर बाईंनी झाडूची दांडी उभी करायला लावली. दोऱ्याला खडा बांधून ती सरळ आहे ना, ते आम्हीच तपासलं. दिवसातली सर्वांत लहान सावली किती वाजता पडते? सगळा वर्ग ओरडला, बारा वाजता! बाई फक्त म्हणाल्या, “मोजा.”

साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. बाराचा टोल पडला, तरी सावली आखडतच होती. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. बारा-चाळीसच्या सुमारास ती थांबली आणि मग वाढायला लागली.

शाळेचं घड्याळ पुढे आहे, असा निकाल आम्ही देऊन टाकला. शिपाईकाकांना ते फार लागलं, कारण चावी तेच द्यायचे. “आधी पुरावा आणा,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आकाशवाणीच्या बातम्यांवर लावलेलं मनगटी घड्याळ घेऊन परत मोजलं. परत बारा-चाळीस! तेव्हा कुठे बाईंनी भारताचा नकाशा टांगला. देशाची घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखांशावर चालतात, आपलं इंदूर 76 च्या जरा अलीकडे. सूर्याला एक अंश सरकायला 4 मिनिटं लागतात. हिशेब आमचा आम्हीच केला, 26 मिनिटं आली. मग उरलेली 14 कुठली?

“ती नोव्हेंबरात शोधू,” बाई म्हणाल्या.

आम्ही पाचवीत गेलो, वर्ग बदलला, पण नोव्हेंबर लागताच मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. त्या दिवशी सर्वांत लहान सावली पडली बारा-दहाला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य कधी घड्याळाच्या मागे असतो, कधी पुढे, हे मला कॉलेजात कळलं. तिथे इतरांनी ते पाठ केलं. मी मात्र इतकी वर्षं त्याच उत्तराची वाट पाहत होतो!

1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा उपक्रम सुरू झाला होता. तो सहावी ते आठवीसाठी. पुढे बऱ्याच जिल्ह्यांत पसरला आणि 2002 मध्ये बंद झाला. बाईंनी तीच रीत कसलंही किट नसताना चौथीच्या मुलांपर्यंत आणली. त्यांचं मोठेपण मला यात दिसतं.

आज माझा सौर पॅनेल बसवण्याचा व्यवसाय आहे. गच्चीवर पॅनेलच्या दोन रांगांत किती अंतर ठेवायचं, ते 22 डिसेंबरच्या सावलीवरून ठरतं. इंदुरात त्या दिवशी भर दुपारी सावली जवळजवळ काठीएवढीच असते. नवीन इंजिनिअरला मी आधी गच्चीवर काठी रोवायला लावतो, सॉफ्टवेअर नंतर.

मागच्या दिवाळीत शाळेत येऊन गेलो. वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड आहेत, छान आहे. पण नळाच्या ओट्यापुढे पत्र्याची शेड झाली आहे आणि त्या फरशीवर आता ऊनच पडत नाही. मला फार वाईट वाटलं. कार्यकारिणीला विनंती आहे की शेडचे दक्षिणेकडचे पत्रे काढून तेवढी जागा उघडी करावी. खर्च माझ्याकडे लागला.