तुम्ही विचारलंत म्हणून : लॅब का सोडली?

"सरकारी फॉरेन्सिक लॅबची पक्की नोकरी टाकून विद्यापीठात शिकवायला कोण जातं?" लग्नकार्यात, पोलीस ठाण्यात, हल्ली विद्यार्थ्यांच्या पालकांकडूनही हे ऐकते. कोर्टाच्या समन्सांना कंटाळले का? हो, कंटाळले. पण तेवढ्यासाठी कुणी पक्की नोकरी सोडत नाही.

कारण आहे जांभळ्या बुचाची रक्ताची नळी.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये रक्त राखाडी बुचाच्या नळीत घ्यायचं असतं. तिच्यात १० मिलीला साधारण १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि ३० मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट, या प्रमाणात पूड असते. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही, फ्लोराइड साखर आंबू देत नाही. जांभळ्या नळीत नुसतं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन; ती सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची. रात्री कॅज्युअल्टीत हाताला लागेल ती नळी भरली जाते, वर कातडी पुसायला स्पिरिटचा बोळा. मग सील, फॉरवर्डिंग लेटर आणि मुद्देमालाच्या खोलीत फ्रिजविना मुक्काम.

लॅबमध्ये अर्धा मिली रक्त, इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मापात, एन-प्रोपॅनॉल, बंद व्हायल ६० अंशांना तापवून वरची वाफ जीसीत, म्हणजे अल्कोहोल मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात, सोडायची. कायद्याची मर्यादा १०० मिलीत ३० मिलिग्रॅम, अशाच जांभळ्या नळीच्या एका केसमध्ये आमचा आकडा आला ३८. बचावाच्या वकिलांनी यंत्राबद्दल चकार शब्द काढला नाही.

"मॅडम, या नळीत फ्लोराइड होतं?"
"नाही."
"मग अल्कोहोल नळीतच तयार होऊ शकतं?"
"होऊ शकतं, पण..."
"एवढं पुरे."

त्या 'पण'च्या पुढे बरंच होतं. जिवंत माणसाचं, नीट घेतलेलं रक्त असेल तर त्यातलं अल्कोहोल ठेवल्याठेवल्या वाढण्यापेक्षा घटायचीच शक्यता जास्त. वाढायला यीस्ट किंवा जंतू आत शिरावे लागतात. या नळीत शिरले होते का, हे मात्र मलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. वकिलांचं काहीच चुकलं नव्हतं.

पूर्वी बैठकांमध्ये मीच भांडायचे, यंत्र चांगलं घ्या, बाकीचं आपोआप सुटेल. यंत्र आलं. नळी जांभळीच.

आता वर्गात बोकडाच्या रक्ताचे दोन भाग करायला लावते. दोन्हींत ग्लुकोज आणि चिमूटभर यीस्ट, एकातच फ्लोराइड. चार दिवस बाहेर ठेवून दोन्ही जीसीवर. बिनफ्लोराइडच्या नळीत 'दारू' दिसली की पोरं गप्प होतात. तरी दरवर्षी कुणीतरी राखाडी नळी भरून तशीच स्टँडला लावतं. आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी केली नाही तर पूड तळाशी बसते, रक्त गोठतं, आणि नळी योग्य असूनही नमुना वाया.

यातून कोर्टातलं काही सुधारलं का, असं विचाराल. ठाऊक नाही. नळी भरणारे मेडिकल ऑफिसर, ती नेणारे शिपाई माझ्या वर्गात नसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आली, पण दारू पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला कैद सहा महिन्यांपर्यंतच. म्हणजे ती नळी अजूनही ड्यूटीवर जो असेल तोच भरणार.