वाफेची रेघ

फेब्रुवारी 2017 मध्ये हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावरील हिलो गावाहून, दरवाजे काढून ठेवलेल्या एका लहान हेलिकॉप्टरमधून मी किलाउआ ज्वालामुखी पाहिला. डोंगराच्या उतारावरून वाहणारी लाल नदी दिसेल, या अपेक्षेने मी कॅमेरा सरसावून बसलो होतो. पण पुऊ ओओ या विवरावरून आम्ही समुद्राकडे वळलो तेव्हा खाली पसरले होते ते चंदेरी झाक असलेले काळे माळरान आणि त्यावरून किनाऱ्यापर्यंत गेलेली निळसर-पांढऱ्या वाफेची एक तुटक रेघ. ती रेघ म्हणजेच लाव्हाची वाट आहे, हे वैमानिकाने सांगितल्यावर कळले.

पुऊ ओओचा उद्रेक 3 जानेवारी 1983 रोजी सुरू झाला होता. मे 2016 मध्ये त्याच्या पूर्व अंगाला फुटलेला नवा प्रवाह जुलैअखेर समुद्राला मिळाला. या सुमारे 10 किलोमीटरच्या प्रवासात लाव्हाचा पृष्ठभाग थिजून त्याचे छत बनले होते आणि छताखाली लाव्हा बोगद्यातून वाहत होता. थिजलेला खडक उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून 1100 अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला हा रस फारसा न निवता किनारा गाठत होता. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा एखादाच तुकडा दिसतो; उगमापासून मुखापर्यंतची संपूर्ण वाट एका नजरेत येते ती केवळ आकाशातून. एके ठिकाणी छत कोसळून झरोका पडला होता आणि त्यातून क्षणभर केशरी रस धावताना दिसला. इतक्या वेगाने काही तरी आपल्या खालून चालले आहे, हे त्या शांत माळरानाकडे पाहून कुणालाही वाटले नसते.

छायाचित्रणाच्या दृष्टीने हे दृश्य फसवे आहे. काळ्या खडकाचे प्रमाण जास्त असल्याने कॅमेऱ्याचा मीटर चित्र अधिक उजळ करू पाहतो आणि झरोक्यातला लाव्हा पिवळट-पांढरा, तपशीलहीन डाग होऊन बसतो. म्हणून मी प्रकाश एक ते दीड स्टॉप (प्रकाशमापाची पायरी) कमी ठेवला आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे चित्रातील उजेडाची विभागणी दाखवणाऱ्या आलेखात, लाल रंगावरच लक्ष ठेवले. हेलिकॉप्टरची थरथर लक्षात घेऊन शटर 1/2000 सेकंदावर होते. कोपर किंवा कॅमेरा यानाच्या चौकटीला टेकवायचा नाही, लेन्सचे हूड लावायचे नाही आणि उड्डाणात लेन्स बदलायची नाही, हे तीन नियम कसोशीने पाळावेत, कारण वाऱ्याने सुटलेली कोणतीही वस्तू मागच्या पंख्यावर जाऊ शकते. सकाळची वेळ निवडली ती ढग दाटून येण्यापूर्वीचा स्वच्छ प्रकाश मिळावा म्हणून.

प्रवाह समुद्राला मिळत होता त्या कामोकुना येथे मात्र लाल रंग भरभरून दिसला. 31 डिसेंबर 2016 रोजी तेथील नव्याने बनलेली जमीन समुद्रात कोसळली होती, आणि उघड्या पडलेल्या कड्यातून लाव्हा अग्निशामक दलाच्या नळीतून पाणी सुटावे तसा थेट लाटांवर पडत होता. तेथून उठणाऱ्या वाफेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे वैमानिकाने यान सतत वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवले.

माझे बालपण सह्याद्रीच्या कातळावर गेले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे आपले अनेक थरही याच पाहोएहोए, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाच्या, जातीच्या लाव्हाचे आहेत, आणि घाटरस्त्याच्या कापात एकमेकांवर चढलेले उशीसारखे त्यांचे गोलसर फुगवटे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ते कसे साचले असतील, याची कल्पना मला पुस्तकांतून नीट करता आली नव्हती. हिलोच्या त्या उड्डाणात ती आली.

30 एप्रिल 2018 रोजी पुऊ ओओच्या विवराचा तळ खचला, शिलारस पूर्वेकडे निघून गेला आणि हा प्रवाह आटला. त्या सकाळच्या छायाचित्रांतले मी मोठे करून भिंतीवर लावले आहे ते कामोकुनाच्या धारेचे नाही. त्यात काळे माळरान आहे, वाफेची रेघ आहे आणि झरोक्याच्या जागी एकच केशरी ठिपका आहे.