तीनदा तेच म्हणजे बॉट

आमच्या ऑफिसातल्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: प्रोफाइलला फोटो नाही, नावामागे आकड्यांची शेपटी, तीच कॉमेंट तीनदा. तिन्ही जुळलं की ब्लॉक, कोणाला विचारायचं नाही. नागपूरच्या घडामोडींचं एक इन्स्टाग्राम पेज आम्ही तिघं चालवतो. लोनवाले, क्रिप्टोवाले, शिव्यावाले यांच्यातून वाट काढता काढता दिवस जातो, म्हणून तो नियम. मला त्याचा जरा अभिमानही होता.

२२ सप्टेंबर २०२३ ला घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या. भांडी आवरून आडवी झाले तेव्हा बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. पहाटे आमच्यातल्या धाकट्याचा फोन, "ताई, उठा. अंबाझरी तलाव वरून वाहून राहिला. लोकं घरात अडकले."

काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी, मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात. मी मानेवाड्याला, कोरड्या घरात. ओट्यावर फोन टेकवला आणि पोस्ट टाकली: पाणी शिरलं असेल तर पत्ता आणि किती जण आहात ते लिहा. आलेले पत्ते धाकटा अग्निशमन दलाला आणि ओळखीच्या पोरांना कळवत होता.

कॉमेंट्सचा लोंढा सुरू झाला. पत्ते होतेच, पण मधेमधे भलत्याच कुठल्या पुराचे व्हिडिओ, पाच मिनिटांत कर्ज, आणि साडेसहाच्या आत पूरग्रस्तांसाठी मदत मागणारा एक क्यूआर कोडसुद्धा! लोकांच्या घरात अजून पाणी चढत होतं आणि यांची पेटी फिरायला लागली होती. असल्याला नुसतं ब्लॉक करून भागत नाही. आधी प्रोफाइलचा आणि यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. कोणी पैसे पाठवून बसलाच तर १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, सांगायला हातात काही तरी हवं.

आमचा एक जुना शिव्यावाला आहे. दोन वर्षं आम्हाला विकाऊ म्हणतो. त्याला मी रिस्ट्रिक्टमध्ये ठेवलेला, म्हणजे त्याची कॉमेंट त्याला दिसते, आम्ही मंजूर केल्याशिवाय बाकीच्यांना नाही. त्या पहाटे त्याने लिहिलं, "झोपा बे दलालांनो, पंचशील चौकात कमरेइतकं पाणी आहे, इकडून कोणी येऊ नका." सकाळपासूनची सगळ्यात कामाची माहिती! शिवीसकट मंजूर केली.

आणि मग तो आला. फोटो नाही, नावामागे आठ आकडे. 'या अकाउंटविषयी' उघडून पाहिलं, त्याच महिन्यातलं. एकच ओळ, रोमन लिपीत, स्पेलिंग मोडकं, एकामागून एक सहा वेळा. खरं सांगायचं तर मी ती ओळ वाचलीच नाही. आकार पाहिला. ब्लॉक. पुढे पर्याय येतो, फक्त हे अकाउंट की या व्यक्तीची इतर अकाउंट्सही. चिडले होते, दुसरा दाबला.

अर्ध्या तासाने एका बाईंनी विचारलं, "अंबाझरी लेआउटच्या त्या पोराची कॉमेंट काहून काढली? त्याची आजी चालू शकत नाही."

पोटात खड्डा पडला. अनब्लॉक केलं. पण इन्स्टाग्रामवर ब्लॉक केलं की त्या माणसाच्या आपल्या पोस्टवरच्या कॉमेंट्स निघून जातात आणि अनब्लॉक केल्यावर परत येत नाहीत. सहाच्या सहा गेल्या. पत्ता मी वाचलेला नव्हता, धाकट्यानेही नाही.

देव्हाऱ्याशेजारी महालक्ष्म्यांचे मुखवटे, त्यांचे ते मोठाले डोळे. आई आतून म्हणाली, "काय झालं गं?" मी काही बोलले नाही. त्या बाईंनाच मेसेज केला. त्यांनी स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता. का घेतला, देव जाणे. त्यात ओळ होती: 'aaji' एवढा शब्द धड, मग गल्ली, घराचा नंबर, तळमजला. धाकट्याने तिथे पोचलेल्या पोरांना फोन लावला. ते गेले तोवर वरच्या मजल्यावरच्यांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं होतं. आमचा त्यात काडीचा हात नाही.

दुपारी त्या पोराचा मेसेज आला. मोबाइल नवीन, अकाउंट नवीन, आकडे इन्स्टाग्रामनेच सुचवलेले. सहा वेळा का लिहिलं? "ताई, दुसऱ्यांच्या कॉमेंट येत होत्या, माझी खाली जात होती. मग मला तुमचं पेजच सापडेना." पेज का सापडलं नाही ते मी त्याला सांगितलं. बराच वेळ 'सीन' दिसत राहिलं. मग अंगठा आला.

फळ्यावरचं आता पुसलंय. नवं काही लिहिलेलं नाही. शंका आली की आधी लपवायचं, उलट एक प्रश्न विचारायचा, 'कुठून बोलताय?' कर्जवाला त्याला उत्तर देत नाही. आणि ओळ वाचायची, स्पेलिंग कसंही असो. क्यूआरवाल्यांना मात्र अजूनही एक मिनिट देत नाही.

त्या पोराच्या नावामागे अजून आठ आकडे आहेत. परवा आमच्या खड्ड्यांच्या पोस्टखाली त्याने लिहिलं, "आमच्या गल्लीचा रस्ता कधी?" पाच वेळा. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, राहू दे.